विषय तोच, कोड वेगळा: समतुल्य म्हणायचं तर कशासाठी?

या वेळी कोर्स इक्विव्हॅलन्सवर, म्हणजे एका विषयाच्या जागी दुसरा चालतो का यावर, इतके प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हाच एक विषय घेतेय. मी बरीच वर्षं विद्यापीठाच्या अकॅडमिक सेक्शनमध्ये कॅटलॉगचं, म्हणजे सगळ्या कोर्सची आणि पदवीच्या नियमांची अधिकृत यादी सांभाळायचं, काम केलंय, त्यामुळे या प्रश्नांच्या दोन्ही बाजू, म्हणजे काउंटरच्या बाहेर उभा असलेला विद्यार्थी आणि आत कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस, जवळून पाहिल्यात. सगळी पत्रं छापता येत नाहीत, काही थोडी छोटी केलीत, राग मानू नका.

प्रश्न: मी मानसशास्त्र विभागात संख्याशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी पास झाले. आता मेजर बदलून अर्थशास्त्र घेतलंय तर ते म्हणतात आमचा संख्याशास्त्राचा पेपर वेगळा, तो पुन्हा करा. पण ऑफिसच्या सिस्टिममध्ये दोन्ही विषय समतुल्य दिसतात! मग मला परत का बसवतायत?

उत्तर: तुझी चिडचिड अगदी बरोबर आहे, आणि ऑफिसने तुला नीट समजावून सांगायला हवं होतं. गोष्ट अशी आहे की "समतुल्य" हा एकच शब्द कॅटलॉगमध्ये निदान चार वेगवेगळ्या कामांसाठी वापरतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. पहिलं काम म्हणजे पदवीची अट: डिग्रीसाठी क्ष विषय लागतो, त्याच्या जागी य चालेल का. दुसरं काम पूर्वअटीचं: पुढच्या वर्गात बसायला क्ष लागतो, य केलेल्याला बसू द्यायचं का. तिसरं रिपीटचं: क्ष करून झाल्यावर कुणी य केला तर तो नवीन विषय धरायचा की तोच विषय दुसऱ्यांदा केला असं धरायचं. आणि चौथं क्रेडिटचं, म्हणजे दोन्ही केले तर दोन्हीचे क्रेडिट मोजायचे का एकाचेच.

आता तुझ्या बाबतीत काय झालं असेल ते मी अंदाजाने सांगते. तिसऱ्या आणि चौथ्या कामासाठी ते दोन पेपर समतुल्य म्हणून नोंदवलेले असणार, म्हणजे कुणी दोन्ही करून डबल क्रेडिट घेऊ नये एवढ्यासाठी. पहिल्या कामासाठी मात्र अर्थशास्त्र विभागाने कधी होकार दिलेलाच नसेल, कारण त्यांच्या पेपरमध्ये रिग्रेशन खोलात जाऊन शिकवतात आणि पुढचा इकॉनोमेट्रिक्सचा अख्खा पेपर त्याच्यावर उभा असतो, तर मानसशास्त्रात प्रयोगांची आखणी आणि व्हेरियन्सच्या विश्लेषणावर जास्त भर असतो. दोन्ही संख्याशास्त्रच, पण पुढे वापर वेगळा. म्हणून तू ऑफिसला "हे समतुल्य आहेत ना?" असं विचारूच नकोस. "कशासाठी समतुल्य आहेत?" असं विचार आणि उत्तर लेखी घे. आणि अर्थशास्त्र विभागाकडे सब्स्टिट्यूशनचा, म्हणजे त्यांच्या पेपरच्या जागी तुझा पेपर धरावा असा, अर्ज कर, तो फक्त तुझ्यापुरता असतो, कॅटलॉग बदलावा लागत नाही. सोबत तुझ्या पेपरचा सविस्तर सिलॅबस जोड, आठवड्यानिहाय असेल तर उत्तम. एक काळजी मात्र घे: पेपर पुन्हा करायचाच ठरला तर आधी विचारून घे की जुन्या पेपरचे क्रेडिट उडणार का, कारण सिस्टिम त्याला रिपीट समजली तर जुने क्रेडिट मोजणीतून बाहेर जातात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे मी वाचून सांगत नाहीये. मी जिथे काम करायचे तिथे एका मुलाचे ऐन पदवीच्या वेळी ३ क्रेडिट कमी भरले. त्याने जुना पेपर केलेला, मग नवीन नावाचा पेपर वेगळा समजून घेतला, आणि सिस्टिमने दोन्हीला एक समजून पहिल्याचे क्रेडिट काढून टाकले. रजिस्ट्रेशनच्या वेळी एक साधी सूचना स्क्रीनवर आली असती तर त्याचं एक सेमिस्टर वाचलं असतं. मला त्याचा चेहरा अजून आठवतो.

प्रश्न: क्रॉस-लिस्टेड आणि समतुल्य यात फरक काय? आमच्याकडे सगळे एकच समजतात.

उत्तर: क्रॉस-लिस्टेड म्हणजे वर्ग एकच, शिक्षक एकच, वेळ एकच, परीक्षा एकच, फक्त दोन विभागांच्या नावाने दोन कोड. विद्यार्थी कुठल्या कोडखाली नाव नोंदवतो एवढाच फरक. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अशा कोर्सला आतून एकच ओळख क्रमांक असतो आणि वरून दोन पाट्या लावलेल्या असतात. समतुल्य म्हणजे खरोखर दोन वेगळे कोर्स, वेगळे सिलॅबस, कदाचित वेगळी वर्षं, पण कुणीतरी अधिकाराने ठरवलंय की अमुक कामासाठी एकाच्या जागी दुसरा चालेल. क्रॉस-लिस्टेडमध्ये एक सिलॅबस बदलला की दुसरा आपोआप बदलतो, समतुल्यमध्ये तसं होत नाही, आणि म्हणूनच समतुल्य जोड्या मधूनमधून तपासाव्या लागतात.

प्रश्न: मी विभागात शिकवते. दुसऱ्या विभागाने आमच्यासारखाच प्रोग्रॅमिंगचा कोर्स सुरू केलाय, निम्म्याहून जास्त भाग आमचाच आहे. ऑफिसने फोन करून विचारलं "मॅडम, समतुल्य टाकू का?" आणि मी घाईत हो म्हणून बसले. चूक केली का?

उत्तर: मॅडम, चूक तुमच्या एकट्याची नाही, फोनवर विचारण्याची पद्धतच चुकीची आहे. समतुल्यता हा शैक्षणिक निर्णय आहे, तो विषयाच्या शिक्षकांनी घ्यायचा, अभ्यास मंडळाने किंवा करिक्युलम कमिटीने मंजूर करायचा आणि ऑफिसने फक्त नोंदवायचा. ऑफिसने स्वतः ठरवायचं नाही आणि शिक्षकांनी परस्पर तोंडी सांगायचं नाही. आजच एक मेल टाका की फोनवरची संमती प्राथमिक होती, कमिटीचा निर्णय होईपर्यंत नोंद करू नये.

आता मुद्द्याचं. "निम्म्याहून जास्त भाग सारखा" एवढ्याने समतुल्यता होत नाही. बऱ्याच ठिकाणी ७० ते ८० टक्के भाग जुळावा अशी ढोबळ अट असते, पण मला विचाराल तर टक्के मोजणं ही सुरुवात झाली, निर्णय नव्हे. उरलेल्या २०-३० टक्क्यांत काय आहे ते बघा. तुमच्या कोर्समध्ये शेवटचे तीन आठवडे रिकर्शन आणि पॉइंटर असतील आणि पुढचा डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स त्यावरच सुरू होत असेल, तर ९० टक्के जुळूनही ते मूल पुढच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात गडबडेल. म्हणून सिलॅबसमधली प्रकरणं जुळवण्याआधी लर्निंग आउटकम्स जुळवा, म्हणजे कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येतं ते. मग लेव्हल बघा, पहिल्या वर्षाचा कोर्स आणि तिसऱ्या वर्षाचा कोर्स नाव एक असलं तरी एक नसतात. मग तास, प्रॅक्टिकल आहे का नाही, मूल्यमापन कसं होतं.

अजून एक, आणि हे फार लोक विसरतात. समतुल्यतेला दिशा असते. तुमचा अवघड कोर्स केलेला विद्यार्थी त्यांच्या सोप्या कोर्सच्या जागी आरामात चालेल, उलट्या बाजूने चालणार नाही. अशा वेळी एकाच बाजूची नोंद करायची. काही सिस्टिममध्ये नोंद मुळातच एका बाजूची असते, दोन्ही बाजू हव्या असतील तर दोन्ही कोर्सच्या पानावर वेगवेगळी टाकावी लागते, तर काहींमध्ये कोर्स एका ग्रुपमध्ये टाकले की ग्रुपमधले सगळे एकमेकांचे समतुल्य होऊन बसतात. तुमच्या ऑफिसला विचारा की आपलं सॉफ्टवेअर यातलं कुठलं आहे. आणि भाग बराच सारखा आहे पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही अशी स्थिती असेल, जी मला तुमच्या पत्रावरून वाटतेय, तर समतुल्य टाकूच नका, अँटीरिक्विझिट टाका. म्हणजे दोन्हीपैकी एकाचेच क्रेडिट मिळेल एवढंच ते सांगतं, बाकी काही वचन देत नाही. हा पर्याय असूनही लोक वापरत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण निम्म्या चुकीच्या समतुल्य नोंदी खरं म्हणजे अँटीरिक्विझिटच असायला हव्या होत्या असं माझं मत आहे.

प्रश्न: मी कॅटलॉगची डेटा एंट्री करतो. गणिताच्या अ कोर्सला ब समतुल्य होता, नंतर ब ला क समतुल्य केला, आता सिस्टिम अ आणि क ला पण एक समजते आणि विभाग माझ्यावर ओरडतोय. माझं काय चुकलं?

उत्तर: दादा, तुमचं काही चुकलेलं नाही, तुम्ही सांगितलं तेच टाकलंत. शाळेत आपण शिकलो की अ बरोबर ब आणि ब बरोबर क असेल तर अ बरोबर क. कोर्सच्या बाबतीत हे लागू पडत नाही, कारण इथे "बरोबर" म्हणजे "पुरेसा जवळ" असतं, आणि दोनदा पुरेसं जवळ सरकलं की माणूस बराच लांब जाऊन पोचतो. अ मध्ये डिफरेन्शियल इक्वेशन्स होत्या, ब मध्ये थोड्या उरल्या, क मध्ये गेल्याच, असं दर सिलॅबस बदलात घडत जातं. म्हणून ग्रुप पद्धत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन कोर्स ग्रुपमध्ये ढकलण्याआधी आत आधीपासून कोण कोण बसलंय त्याची यादी काढून विभागाला पाठवायची आणि प्रत्येक जोडीला हो की नाही विचारायचं. काम वाढतं, मान्य, पण नंतरचं ओरडणं ऐकण्यापेक्षा बरं.

आणि तारखा. समतुल्यतेची प्रत्येक नोंद कुठल्या सेमिस्टरपासून लागू आणि कुठपर्यंत, हे टाकल्याशिवाय सेव्ह करू नका. समजा एका कोर्सचा सिलॅबस २०१८ मध्ये एक होता आणि २०२३ मध्ये त्यातून कॅल्क्युलस काढून टाकलं, कोड मात्र तोच ठेवला. आता २०१९ ला तो कोर्स केलेला आणि २०२४ ला केलेला हे दोघं ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकावर, एकसारखे दिसतात, पण पहिल्याला समतुल्यता द्यायची, दुसऱ्याला नाही. शेवटची तारीख रिकामी राहिली की ती नोंद कायमची चालू राहते, आणि तुम्ही बदली होऊन गेल्यावर पुढच्या माणसाला कळतही नाही की हे कधी आणि का टाकलं. म्हणून रिमार्कचा रकाना असेल तर त्यात कमिटीच्या बैठकीची तारीख आणि ठराव क्रमांक लिहून ठेवा. रकाना नसेल तर वेगळी एक्सेल शीट ठेवा, पण ती स्वतःच्या कॉम्प्युटरवर नको, सगळ्यांना उघडता येईल अशा जागी.

तुम्हाला लवकरच भेटणारा अजून एक त्रास आताच सांगून ठेवते: एकाचे दोन होणे. जुना ४ क्रेडिटचा कोर्स फोडून ३ क्रेडिटची थिअरी आणि १ क्रेडिटची लॅब केली. जुना केलेल्याला दोन्ही केल्याचं मानायचं, हे सोपं. पण नवीन थिअरी एकटी केलेल्याला जुना पूर्ण केल्याचं मानता येत नाही, दोन्ही मिळूनच तो होतो. एकास एक अशी जोडी टाकली तर लॅब न करताच मुलं पुढे सरकतात. यात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याची पद्धत मला आवडते. तिथे सरकारी कॉलेजं आणि विद्यापीठांमध्ये कोर्सना एकच सामायिक क्रमांक देतात, आणि क्रमांकामागे एल असेल तर नुसती लॅब, सी असेल तर थिअरी आणि लॅब एकत्र, काहीच नसेल तर नुसती थिअरी. कोड वाचताक्षणी कळतं की समोर अर्धा भाग आहे का पूर्ण. सगळ्यांना असं राज्यभर एकत्र येणं जमणार नाही, पण आपल्या विद्यापीठापुरतं अक्षर ठरवायला कुणाची हरकत नसावी.

आणि "विशेष विषय" किंवा "निवडक प्रश्न" असे जे कोर्स असतात, ज्यात दर वेळी कोड तोच आणि शिकवतात मात्र वेगळं, ते कधीही कुठल्याही ग्रुपमध्ये टाकू नका. विभागाने आग्रह धरला तरी त्या त्या वेळच्या वर्गापुरतं सब्स्टिट्यूशन करा म्हणावं.

प्रश्न: बंद झालेल्या कोर्सचा नंबर नवीन कोर्सला द्यायला काय हरकत आहे? चांगले नंबर संपत आलेत.

उत्तर: नका देऊ. निदान त्या जुन्या कोर्सचे सगळे विद्यार्थी पास होऊन बाहेर पडेपर्यंत तरी नाहीच, आणि पडल्यावरही काही वर्षं जाऊ द्या. ट्रान्सक्रिप्ट आयुष्यभर फिरते, समोरच्या माणसाने आजचा कॅटलॉग उघडून तो नंबर शोधला तर त्याला भलताच विषय सापडेल. नंबर संपत असतील तर एक आकडा वाढवा, तेवढं सॉफ्टवेअर झेलतं.

प्रश्न: आजारपणामुळे माझे तीन वर्षं गेले. परत आलो तर माझ्या वेळचे दोन विषय बंद झालेत, नवीन पॅटर्न आलाय, आणि एक बॅकलॉग पण आहे. माझं आता काय होणार? सगळं पहिल्यापासून करायला लागेल का?

उत्तर: पहिल्यापासून करायला लागण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे आधी जरा निवांत व्हा. बहुतेक विद्यापीठात प्रवेशाच्या वर्षीचा कॅटलॉग त्या विद्यार्थ्याला लागू असतो, म्हणजे तुम्ही ज्या नियमांवर आत आलात त्याच नियमांवर पदवी मिळवायचा तुमचा हक्क असतो. अडचण एवढीच की मध्ये गॅप पडली तर काही ठिकाणी तो हक्क अमुक वर्षांनी संपतो आणि परत आल्यावर चालू वर्षाचा कॅटलॉग लागू करतात. म्हणून सगळ्यात आधी लेखी विचारा: मी कुठल्या वर्षाच्या कॅटलॉगवर आहे? याच्या उत्तरावर बाकी सगळं ठरतं.

जुन्या कॅटलॉगवर असाल तर बंद झालेल्या दोन विषयांच्या जागी नवीन पॅटर्नमधले कुठले विषय चालतात याचा तक्ता विभागाकडे असायला हवा, पॅटर्न बदलताना तो करणं अपेक्षितच असतं. तो मागा. नसेल तर विभागप्रमुखांना तुमच्यासाठी तेवढ्या दोन विषयांचं सब्स्टिट्यूशन लिहून द्यायला सांगा. नवीन कॅटलॉगवर टाकलं असेल तर उलटा तक्ता लागतो, म्हणजे तुम्ही आधी केलेले विषय नव्यातल्या कशाकशाचे समतुल्य धरले ते. हा तक्ता नीट तपासा, कारण जे विषय कशालाच जुळत नाहीत ते नुसते इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषयांचे, क्रेडिट म्हणून टाकतात, आणि इलेक्टिव्हची गरज आधीच भरलेली असेल तर तुमची ती मेहनत कागदावर असूनही पदवीच्या उपयोगाची राहत नाही. तसं दिसलं तर तिथेच थांबून भांडा, म्हणजे शांतपणे अर्ज करून भांडा. बॅकलॉगसाठी जुन्या सिलॅबसची परीक्षा अजून घेतात का ते विचारा, पॅटर्न बदलल्यावर काही काळ घेतात, आणि घेत असतील तर तीच द्या, नवीन समतुल्य विषय शून्यापासून करण्यापेक्षा ते तुम्हाला हलकं जाईल. तब्येतीला जपा, एकाच सेमिस्टरमध्ये सगळं उरकायचा हट्ट धरू नका.

प्रश्न: मुलगी युरोपात एक वर्ष शिकून पुढे अमेरिकेत ट्रान्सफर घ्यायची म्हणतेय. क्रेडिट कसे मोजतात? ६ क्रेडिटचा विषय तिथे ३ चाच धरणार असं ऐकलं, हा अन्याय नाही का?

उत्तर: अन्याय नाही, मापाची पट्टी वेगळी आहे. युरोपातली ईसीटीएस पद्धत, म्हणजे क्रेडिट मोजायची आणि एकीकडून दुसरीकडे न्यायची सामायिक पद्धत, १९८९ मध्ये इरॅस्मस या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेसाठी सुरू झाली. तिच्यात पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे वर्ग, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं धरून २५ ते ३० तास. अमेरिकेत सेमिस्टर पद्धतीत वर्षाचे साधारण ३० क्रेडिट होतात, म्हणून २ ईसीटीएसला १ हा हिशोब बहुतेक ठिकाणी धरतात. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२०, तिथे २ ब्रिटिश क्रेडिटला १ ईसीटीएस. त्यामुळे ६ चे ३ झाले तरी वर्षाचा वाटा तेवढाच राहतो.

खरी अडचण अपूर्णांकात असते. अमेरिकेतच काही विद्यापीठं क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांवर, चालतात, त्यांचे क्रेडिट सेमिस्टरमध्ये आणताना दोन तृतीयांश करतात, म्हणजे ४ चे २.६७ होतात. आता पदवीला तो विषय ३ क्रेडिटचा लागत असेल तर विषय झाला असं मानतात पण क्रेडिट ०.३३ कमी, आणि असे चार-पाच विषय झाले की शेवटी एक जादाचा कोर्स घ्यावा लागतो. हे आधीच बेरीज करून बघा.

आणि क्रेडिट मान्य होणं वेगळं, समतुल्यता मिळणं वेगळं. तिचे ६० च्या ६० मान्य होऊनही त्यातले निम्मे नुसते इलेक्टिव्हमध्ये पडू शकतात. युरोपात या बाबतीत विद्यार्थ्याच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे, १९९७ चा लिस्बन करार, युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून केलेला. त्याचं तत्त्व असं की बाहेरची पात्रता किंवा शिक्षणाचा कालावधी मान्य करायचा, नाकारायचा असेल तर मोठा, ठोस फरक आहे हे नाकारणाऱ्या संस्थेने दाखवायचं. विद्यार्थ्याने "माझं तुमच्यासारखंच आहे" हे सिद्ध करत बसायचं नाही. मला वाटतं प्रत्येक करिक्युलम कमिटीच्या टेबलावर हे वाक्य असायला हवं, करारात देश असो वा नसो.

अमेरिकेत मात्र असं एक देशव्यापी बंधन नाही, तिथे विद्यापीठागणिक नियम वेगळे आणि बऱ्याचदा दोन संस्थांमधल्या करारावर सगळं चालतं. कॅलिफोर्नियात कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला विषय तिथल्या कुठल्या सरकारी विद्यापीठात कशाच्या जागी चालतो हे असिस्ट नावाच्या सामायिक साठ्यात वर्षानुसार बघता येतं, पण बाहेरच्या देशातून येणाऱ्याला असा तयार तक्ता सहसा मिळत नाही. म्हणून मुलीला सांगा, जिथे जायचंय त्या दोन-तीन विद्यापीठांचे कॅटलॉग आत्ताच उघडून त्यांना हवे असलेले विषय बघून युरोपातले विषय निवड. प्रत्येक विषयाचा त्या वर्षीचा सिलॅबस, वाचनयादी, तासांचा तपशील आणि परीक्षेचं स्वरूप पीडीएफ करून ठेव, कारण वर्षभराने वेबसाइटवर नवीन सिलॅबस येतो आणि जुना मागायला मेलामागून मेल करावे लागतात. ग्रेड बहुतेक ठिकाणी सोबत जात नाहीत, फक्त क्रेडिट जातात, त्यामुळे तिथला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, नव्याने सुरू होईल. आणि पदवीचा काही ठराविक हिस्सा आमच्याकडेच शिकून पूर्ण करा अशी अट जवळपास सगळीकडे असते, ती किती क्रेडिटची आहे ते अर्ज करायच्या आधी बघून घ्या, फी भरल्यावर नको.